कामाची खोली



चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले होते की, माझा विषय या व्यासपीठाला थोडा कोरडा पडेल. येथे इतिहासावर, नाटकावर, शेतीवर बोलणारे अधिकारी वक्ते येऊन गेले. मी पडलो अठ्ठावीस वर्षे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. माझे जग म्हणजे एक टेबल, एक कीबोर्ड आणि एक स्क्रीन. त्या टेबलाविषयी तासभर काय बोलायचे? पण चालक म्हणाले, "तुम्ही त्या मुलीला जे करून दिलंत, तेच सांगा." म्हणून आज तेच सांगणार आहे.

आमच्या शेजारी एक कुटुंब राहते. त्यांची मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी ती वडिलांचा जुना लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "काका, हा आता बाद झालाय म्हणतात. खरं का हो?" लॅपटॉप २०१२ सालचा. कळा शाबूत, स्क्रीन स्वच्छ, आत चार गिगाबाइट मेमरी. दुकानदाराने सांगितले होते की नवी ऑपरेटिंग सिस्टीम यावर चालायची नाही आणि जुनीची देखभाल बंद झाली; तेव्हा नवा घ्या. नव्याची किंमत ऐकून तिचे वडील दोन दिवस गप्प होते. मुलगी मात्र गप्प बसली नाही. ती माझ्याकडे आली.

मंडळी, मी यंत्र उघडून पाहिले. त्यात बिघडलेले असे काहीच नव्हते. पंखा पुसला, धूळ काढली, झाले. बाद झाला होता तो कारभारी, यंत्र नव्हे. हा भेद प्रथम आपल्यापुढे मांडतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

संगणकाचे यंत्र म्हणजे वाडा समजा. त्यात खोल्या आहेत, दारे आहेत, कोठार आहे. पण कोणाला कोणती खोली द्यायची, कोठाराची किल्ली कोणाकडे, दिवे कधी मालवायचे, हे ठरवणारा एक कारभारी लागतो. त्या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हा कारभारी यंत्राबरोबरच आलेला असतो; आपण त्याला निवडलेले नसते. तो गेला की वाडाच पडला असे आपल्याला वाटते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या अतिशय प्रचलित प्रणालीचा नेहमीचा विनामूल्य आधार संपला. तिच्यानंतरची विंडोज ११ ही २०२१ साली आली. ती यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय असावी असे मागते. ती नसलेली असंख्य यंत्रे धडधाकट असूनही एका तारखेला म्हातारी ठरली. त्यात कोणाचे चुकले, हा वाद मी येथे काढणार नाही. दुसरा कारभारी नेमता येतो, एवढेच मला सांगायचे आहे.

मी नेमला तो कारभारी फारसा कोणाच्या परिचयाचा नाही. त्याचे नाव ओपनबीएसडी. जाहिरातीत तो दिसत नाही आणि दुकानात मिळत नाही. महाविद्यालयात विचाराल तर दहांतल्या नऊ जणांनी नाव ऐकलेले नसेल. फॅशनच्या बाजारात त्याला पत नाही. पण त्याचे घराणे मोठे आहे, ते थोडक्यात सांगतो.

१९६९ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आपल्या सोबत्यांसह युनिक्स नावाची प्रणाली घडवायला घेतली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला काम करायला बरे वाटावे, ही त्यांची स्वतःचीच गरज होती. ती प्रणाली पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत गेली. तेथील विद्यार्थ्यांनी व संशोधकांनी तिच्यात एवढी भर घातली की तिची बर्कली शाखाच निराळी मोजली जाऊ लागली. नावातले बीएसडी ते हेच. याच शाखेतून १९९३ साली नेटबीएसडी निघाली, आणि तिच्यातील एक संस्थापक थिओ द राट यांनी मतभेद होऊन १९९५ साली कॅनडातील कॅलगरी शहरातून ओपनबीएसडीची वेगळी चूल मांडली. चूल वेगळी झाली की भांड्याला भांडे लागतेच. पण या भांडणातून जगाचा फायदा झाला. या मंडळींनी नियम केला की सगळे लिखाण उघडे ठेवायचे, ओळ न् ओळ तपासायची, आणि सुरक्षेला सोयीपेक्षा वरचे पान द्यायचे.

आपण म्हणाल, हे कॅलगरीचे आमच्या काय उपयोगाचे? १९९९ साली याच मंडळींनी ओपनएसएसएच नावाचे एक कुलूप तयार केले. दूरच्या संगणकाशी कोणी मध्येच ऐकणार नाही अशा रीतीने बोलायचे असेल, तर ते वापरतात. आज जगातील बहुतेक सर्व्हर सांभाळणारी माणसे रोज त्याच कुलपातून आत जातात. त्या कुलपाचा कारागीर कोण, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. आणि त्या कारागिराची स्थिती काय? २०१४ सालच्या आरंभी या प्रकल्पाकडे यंत्रे चालू ठेवण्याच्या विजेसाठी लागणारे सुमारे वीस हजार कॅनेडियन डॉलर नव्हते. जाहीर हाक द्यावी लागली. लोकांनी देणग्या दिल्या आणि दिवा तेवत राहिला. वाचनालये, व्यायामशाळा आणि अशा व्याख्यानमाला चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

असो. आता प्रत्यक्ष संसाराकडे वळू.

एका पेनड्राइव्हवर ही सारी प्रणाली मावते. लॅपटॉप त्यावरून सुरू केला की चित्रे नाहीत, संगीत नाही. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकेक प्रश्न येतो. यंत्राचे नाव काय ठेवता? जाळ्याशी कोणत्या दाराने जोडता? मुख्य मालकाचा परवलीचा शब्द कोणता? घड्याळ कोठले? बहुतेक प्रश्नांपुढे कंसात एक उत्तर आधीच सुचवलेले असते. पटले तर नुसते एंटर दाबायचे. मुलगी प्रश्न मोठ्याने वाचत होती, मी उत्तर सांगत होतो. पाच-सहा प्रश्नांनंतर तिनेच उत्तरे द्यायला सुरुवात केली, आणि मी खुर्ची थोडी मागे घेतली.

पहिली अडचण वायफायची. वायफायच्या अनेक चिपांना त्यांच्या निर्मात्याने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आधी पाजावा लागतो. त्यांतले बरेच प्रणालीबरोबर वाटण्याची मोकळीक नसते, म्हणून ते जाळ्यावरून उतरवून घ्यावे लागतात. म्हणजे जाळ्यावर जायला वायफाय हवे आणि वायफायला जाळे हवे! लग्नाशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यांतली गत. उपाय सोपा निघाला. तिचा अँड्रॉइड मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडला आणि मोबाइलवरील यूएसबी टेदरिंग चालू केले. प्रणालीने मोबाइलला जाळ्याची तार समजून लगेच ओळखले, हवे ते उतरवून घेतले आणि वायफाय सुरू झाले.

आणि मग एक गोष्ट झाली जी मला अजून आवडते. प्रणाली पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मुख्य मालकाच्या नावे एक पत्र आधीच येऊन पडलेले होते. थिओ द राट यांच्या नावाने. प्रत्येक नव्या यंत्रावर ते पत्र असतेच. नव्या मालकाला पहिले प्रश्न कोणते पडतील आणि त्यांची उत्तरे कोठे वाचायला मिळतील, हे त्यात सांगितलेले असते. शिवाय पत्र जपून ठेवा, अशी विनंती. मुलगी म्हणाली, "काका, यांनी मला पत्र लिहिलंय!" मी म्हटले, "हो. आता उत्तर म्हणून वाचन कर."

आता कामाची खोली लावायची. सुताराच्या खोलीत पटाशी, रंधा, करवत लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मुख्यतः चार वस्तू लागतात. एक, आज्ञा ऐकणारा शेल. दोन, अक्षरे लिहायला संपादक. तीन, लिहिलेल्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर. चार, चूक कोठे झाली ते शोधणारा डीबगर. ओपनबीएसडीत या चारही वस्तू घराबरोबरच येतात, वेगळ्या आणाव्या लागत नाहीत. संपादक आहे तो व्ही-आय. त्याचा मूळ अवतार बर्कलीच्या बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिला. पन्नास वर्षांचे हत्यार आहे, आणि अजून धार आहे. शिवाय टी-मक्स नावाची एक सोय २००९ पासून घरातच आहे. एका काळ्या खिडकीचे तीन-चार कप्पे करायचे: एकात लिखाण, एकात कंपायलर, एकात वाचायचे पुस्तक. खिडकी चुकून बंद झाली तरी कप्प्यांतले काम तसेच राहते.

खिडक्या मांडणारा प्रोग्रॅमही दोन-तीन तऱ्हांचा मिळतो. जो आपोआप समोर येतो त्याचे रूप तीस वर्षांपूर्वीचे वाटते. मी दुसरा लावून दिला. त्याला सी-डब्ल्यू-एम म्हणतात. त्यात बटणे नाहीत, पट्ट्या नाहीत; खिडकीला एक बारीक कड, बस्स. सगळे कीबोर्डावरून. पहिले तीन दिवस मुलगी वैतागली. चौथ्या दिवशी म्हणाली की कॉलेजातल्या संगणकावर माउसकडे हात नेणे आता जड वाटते.

एक चूक माझीही सांगतो. लिहिता लिहिताच चूक दाखवणारा एक सहायक प्रोग्रॅम मी तिला बाहेरून आणून दिला. तो पाच मिनिटे चाले आणि मरे. मी मेमरीला दोष दिला, यंत्राच्या वयाला दोष दिला. शेवटी पुस्तक उघडले तेव्हा कळले की ही प्रणाली प्रत्येक माणसाला मेमरीचे रेशन बांधून देते, म्हणजे एकाच्या हावरेपणाने घर उपाशी राहू नये. ते रेशन कोठे लिहिलेले असते तेही तेथेच होते. एका वहीतला एक आकडा वाढवला आणि सहायक सुखाने नांदू लागला. अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असून मी अंदाज बांधत बसलो होतो. उत्तर मात्र घरातच लिहून ठेवलेले होते.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची एक उणीवही येथेच सांगून टाकतो. काळ्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही. जोडाक्षरे सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. घरचा व्ही-आय तर इंग्रजीपलीकडची लिपी धड जाणत नाही. मराठीत टिपणे लिहायची तर दुसरा संपादक आणावा लागतो, आणि मराठी वाचायला फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस लागते. त्यांत मात्र अक्षर सुरेख दिसते. बाहेरचे हे प्रोग्रॅम एकेका आज्ञेने येतात आणि त्यांना पैसा पडत नाही.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सोय म्हणजे काय?

आपल्या घरी दिवे गेले तर घरातली गृहिणी अंधारात हात घालून मिठाचा डबा काढते. तिच्या स्वयंपाकघरात महागडी कपाटे असतील किंवा नसतील. तिची सोय कपाटांत नाही, ओळखीत आहे. कोणती वस्तू कोठे आहे आणि का आहे, हे तिला ठाऊक असते. कारागिराच्या सोयीचा अर्थ मी असाच करतो. आणि अशी ओळख करून घ्यायची तर घराची माहिती घरातच, खरी आणि पूर्ण, लिहिलेली असावी लागते.

युनिक्सच्या घराण्यात ही माहिती देणाऱ्या पानांना मॅन पेज म्हणतात. प्रत्येक आज्ञेचे एक पान, प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीचे एक पान. ओपनबीएसडीच्या मंडळींनी या पानांना जी प्रतिष्ठा दिली तशी क्वचितच कोणी दिली असेल. पानात चूक असणे किंवा पान नसणे हा ते प्रोग्रॅममधल्या दोषाइतकाच दोष मानतात. प्रोग्रॅम बदलला की पानही बदलते. आणि पुष्कळ पानांच्या शेवटी 'दोष' असे एक कलम असते. त्यात लिहिणारा स्वतःच सांगतो की हे अमुक ठिकाणी फसते. आपल्या मालाचे वैगुण्य आपणच छापणारा व्यापारी आपण कधी पाहिला आहे का?

कोणी विचारील, लिनक्स का दिले नाही? लिनक्स उत्तमच आहे. त्याचे वापरणारे कितीतरी अधिक आहेत, आणि दुसऱ्या कोणाला मी आनंदाने तेच देईन. पण लिनक्समध्ये गाभा एकाचा, आज्ञा दुसऱ्यांच्या, जुळणी तिसऱ्याची. येथे गाभा, मुख्य आज्ञा आणि त्यांची पाने एकाच घरात लिहिली जातात आणि वर्षातून दोनदा एकत्र बाहेर पडतात. पुस्तक आणि वस्तू यांत अंतर कमी पडते. शिकणाऱ्याला ही मोठी गोष्ट आहे.

याचा एक प्रसंग सांगतो. मुलीला कॉलेजात सी भाषेतील एक साधा प्रोग्रॅम दिला होता: विद्यार्थ्याचे नाव घ्यायचे आणि यादीत ठेवायचे. तिने तो पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहिला. नावासाठी वीस अक्षरांची जागा ठेवली. एक शब्द दुसऱ्या जागी उतरवण्याची जुनी आज्ञा, स्ट्रिंग-कॉपी, वापरली. कॉलेजात तो चालला आणि तिला गुणही मिळाले. घरी या यंत्रावर तोच प्रोग्रॅम बांधताना प्रणालीने एक सूचना छापली: ही आज्ञा पुष्कळदा चुकीची वापरली जाते, तिच्याऐवजी दुसरी वापरा. प्रोग्रॅम बांधला गेला, पण सूचना राहिली.

मुलीने तिकडे दुर्लक्ष केले आणि आपले पूर्ण नाव टाकले. आपली मराठी पद्धत आपल्याला ठाऊक आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. इंग्रजी लिपीत ती अक्षरे चौतीस झाली. प्रोग्रॅम जागच्या जागी ठार झाला.

त्या संध्याकाळी पाऊस होता, दिवे गेले होते, मोबाइलला रेंज नव्हती. जाळ्यावर उत्तर शोधायची वाटच बंद. लॅपटॉपच्या बॅटरीवर तिने सूचनेत सांगितलेल्या आज्ञेचे पान उघडले. पाने यंत्रातच असल्यामुळे त्यांना जाळे लागत नाही. आणि एक तासाने ती कंदील घेऊन आमच्या दारात उभी. म्हणाली, "काका, मला कळलं. मी एक लिटरच्या पातेल्यात दोन लिटर दूध ओतत होते!"

मंडळी, हे अगदी अचूक आहे. जुनी आज्ञा पातेले केवढे आहे ते विचारतच नाही. दूध संपेपर्यंत ओतत राहते, आणि सांडलेले शेजारच्या सामानावर जाते. संगणकावरचे कित्येक मोठे दरोडे या सांडलेल्या दुधातून पडले आहेत. नवी आज्ञा, स्ट्रिंग-एल-कॉपी, आधी पातेल्याचे माप मागते, तेवढेच ओतते, आणि एकूण दूध किती होते ते परत सांगते, म्हणजे काही उरले का ते आपल्याला कळते. ओपनबीएसडीतून ती १९९८ साली बाहेर पडली. लिनक्सच्या मुख्य सी ग्रंथालयात तिला जागा मिळायला २०२३ उजाडले. पंचवीस वर्षे एक शहाणी गोष्ट बिनफॅशनच्या घरात राहिली, आणि मग मोठ्या घराने ती उचलली.

मी तिला हे शिकवले नव्हते. कॉलेजात तिचा प्रोग्रॅम बरोबर ठरला होता. तिला तिची चूक दाखवली ती एका सूचनेने, आणि समजावली ती एका पानाने. त्या रात्री मी मनाशी म्हटले की खोली लावून झाली.

या घराची आणखी एक रीत सांगतो. ती आपल्या सर्वांच्या उपयोगाची आहे. मुलीला कॉलेजच्या संकेतस्थळावर एक फाइल चढवायची होती. ब्राउझर फाइल दाखवीना. तिचे सारे काम तिच्या फोल्डरात समोर होते, पण ब्राउझरला दिसे फक्त डाउनलोड्स हे एक फोल्डर. बिघाड नव्हता. ही प्रणाली ब्राउझरला ओटीवरच्या पाहुण्यासारखे वागवते. दिवसभर जगातल्या अनोळखी लोकांशी त्याचा संबंध. त्याला माजघरात कशाला येऊ द्यायचे? जे द्यायचे ते ओटीवर आणून द्या. तसेच मायक्रोफोनचे. मालकाने स्पष्ट परवानगी देईपर्यंत कोणत्याही प्रोग्रॅमने ऐकायचा प्रयत्न केला तरी त्याला फक्त शांतता ऐकू येते. आपले मोबाइल आपले काय काय ऐकतात अशी शंका येथे बसलेल्या पुष्कळांना असेल. निदान या एका घरात शांतता हा मूळचा नियम आहे.

आता दुसरी बाजू न सांगता बसलो तर मी या व्यासपीठाशी अप्रामाणिक ठरेन. या प्रणालीत ब्लूटूथ नाही. जे होते ते नीट नाही म्हणून २०१४ साली काढून टाकले आणि पुन्हा आणले नाही. बिनतारी हेडफोन असेल तर तो खिशात ठेवा. मुलीच्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षेचा जो प्रोग्रॅम लागतो, तो येथे चालत नाही. परीक्षेला तिला प्रयोगशाळेतच जावे लागते. नोकरीच्या मुलाखतीत ओपनबीएसडी येते का असे तिला बहुधा कोणी विचारणार नाही. वडिलांनी एकदा मला स्पष्टच विचारले, "साहेब, जे कोणी वापरत नाही ते पोरीला शिकवून तिचं नुकसान तर होत नाही ना?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. बापाला तो पडलाच पाहिजे. मी त्यांना म्हटले, "दादा, सायकल शिकताना कोणत्या कंपनीची सायकल होती हे पुढे कोणी विचारत नाही. तोल शिकला की झालं." शेल, संपादक, कंपायलर, मेमरीचे माप, परवानगीची शिस्त, या गोष्टी सगळीकडे त्याच आहेत. ज्या सर्व्हरांवर तिला उद्या काम मिळेल तेथेही काळी खिडकीच असेल, आणि तेथे शिरायचे कुलूप कॅलगरीचेच असेल. वडील म्हणाले, "बघू." अजून ते 'बघू'च म्हणतात. मी त्यांना दोष देत नाही. पोरीचा निकाल माझ्या हातात नाही, आणि तो एका यंत्रावर ठरतही नाही.

पण एक गोष्ट मला दिसते आणि ती मला महत्त्वाची वाटते. पूर्वी ती मला विचारायची, "काका, हे चालत नाहीये, काय करू?" आता विचारते, "काका, हे असं का ठेवलंय?" पहिला प्रश्न भाडेकरूचा असतो: नळ गळतो आहे, मालकाला सांगा. दुसरा घरात नांदणाऱ्याचा. आपल्या गावातली शेकडो मुले रोज संगणकापुढे बसतात, आणि त्यांतली बहुतेक त्या यंत्रात भाडेकरू म्हणून राहतात. मालक कधी घर बदलतो, कधी भाडे वाढवतो, कधी एका तारखेला घर बाद झाले म्हणून सांगतो. सगळ्यांनी माझ्यासारखे आडवाटेला जावे असे माझे म्हणणे नाही. रोजच्या कामाला रोजचे प्रचलित साधन खुशाल वापरावे. परंतु ज्याला हे यंत्र घडवण्याचे शिक्षण घ्यायचे आहे, त्याला निदान एक तरी घर असे मिळावे की ज्याच्या भिंतीत काय आहे ते वाचता येते.

म्हणून एक विनंती करून थांबतो. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कपाटावर असा एखादा म्हातारा ठरवलेला लॅपटॉप असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी गावातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. कारभारी फुकट मिळतो. वाडा मात्र आपल्या घरी धूळ खात पडलेला असतो. दर शनिवारी संध्याकाळी मी घरी असतो. कोणाला खोली लावायची असेल तर यंत्र घेऊन यावे. शेजारची ती मुलगी आता पहिले प्रश्न विचारायला पुढे बसते, आणि माझी खुर्ची आणखी थोडी मागे गेली आहे.